अळीबाईचं नाक

अळीबाईला वास येत नसे. कसलाच नाही. दूध करपून घरभर धूर झाला, शेजारच्या गल्लीत घूस मरून पडली, नाहीतर कुणी मोगऱ्याच्या गजऱ्यांची टोपली नाकासमोर उघडली, तरी तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. आणि ही बाई अभ्यास करत होती तो वासाचा! अळ्यांना वास कसा कळतो, एकदा कळलेला वास त्या लक्षात ठेवतात का, आणि दोन बाजूंनी दोन वास आले तर कुठं जायचं हे त्या कसं ठरवतात, याचा. वाशीमच्या आमच्या कॉलेजात हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस हसायचाच. तीही हसायची. म्हणायची, "आंधळा माणूस डोळ्याचा डॉक्टर झाला त काय बिघडलं? फक्त एक डोळस माणूस संगं पाह्यजे." तिच्या बाबतीत हा संगतीचा माणूस मी होते. मी अळीबाईचं नाक होते.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. मी नगरकडून तिथं मराठी शिकवायला आले, ती प्राणिशास्त्र शिकवत होती. तिचं गाव किन्हीराजा, म्हणजे तिथलीच. विद्यार्थी तिला पाठीमागं अळीबाई म्हणत. एकदा फळ्यावर कुणीतरी ते नाव लिहून ठेवलं. वर्गात आल्यावर तिनं ते वाचलं, त्यातली ऱ्हस्व 'ळि' खडूनं दीर्घ केली आणि शिकवायला सुरुवात केली. त्या दिवसापासून ते नाव तोंडावर घेतलं जाऊ लागलं. ती स्वतःही माणसांना त्यांच्या विषयावरून हाक मारायची. गणिताच्या सरांना 'गणित', इतिहासाच्या सरांना 'इतिहास'. मी 'मराठी'. प्रयोगशाळेच्या दारातून तिचा खणखणीत आवाज व्हरांडाभर घुमायचा, "ओ मराठी! नाक घेऊन ये बरं!"

मी गेले की ती माझ्यासमोर एखादी पुरचुंडी धरायची. "सांग, कसा हाये?"

"चांगला आहे," मी पहिल्या दिवशी म्हटलं.

"चांगला म्हंजे? मराठीची बाई ना तू? मले नाक नाई, तुले शब्द नाई. मंग कसं होईन आपलं?"

त्या दिवसापासून माझी खरी मराठीची परीक्षा सुरू झाली. खमंग, कुबट, उग्र, आंबूस, खवट, कोंदट हे शब्द मी वर्गात कितीदा उच्चारले असतील, पण वास न येणाऱ्या माणसाला ते समजावून सांगायची वेळ आल्यावर कळलं की मला त्यातलं फारसं काही माहीत नाही. बडीशेपेचा वास कसा, हे सांगायला मला एक आख्खी दुपार लागली. शेवटी मी म्हटलं, "जेवण झालंय, हात धुतलेत, आणि ओसरीवर वाऱ्याला बसलोय. तसा." तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "हां. आता आला." तिनं ते इतक्या सहज म्हटलं की खरंच आला असावा असं मला वाटलं.

वास जन्मापासून नव्हता असं नाही. लहानपणी, शाळेत जायला लागल्यावर, तिला मोठा ताप आला. त्यातून ती उठली, पण वास गेला तो परत आलाच नाही. ताप येण्याआधीचे काही वास मात्र तिच्यापाशी शिल्लक होते. वखरलेल्या ओल्या रानाचा, बापाच्या घोंगडीचा, चुलीतल्या तुऱ्हाट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, धुराचा. "नाक गेलं, पण याद नाई गेली," ती म्हणायची. "तुऱ्हाटी पेटलेली दिसली का मले आजबी तो धूर आतून येते. नाकातून नाई, डोक्यातून. मंग हे याद राह्यते कुठं? माणसाचं डोकं उघडून त पाहता येत नाई. मनून अळी." अळीचा मेंदू मोहरीच्या दाण्याहून लहान. एवढ्याशा जागेत जर एखाद्या वासाची आठवण मावत असेल, तर आठवण ही चीज काय आहे याचा काहीतरी पत्ता लागेल, असा तिचा साधा हिशेब होता.

आम्ही एकाच घरात राहत होतो. तिला खोली मिळत नव्हती. ती दारातच स्वच्छ सांगायची, "आमी बौद्ध हाओत. छप्पनले धर्म घेतला आमच्या बाबानं." मग खोली कालच दिलेली असायची, किंवा घरमालकाचा पुतण्या राहायला येणार असायचा. मी माझ्या घरमालकीणबाईंना, आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो, विचारलं की माझ्या खोलीत आणखी एक बाई राहिली तर चालेल का. काकू विधवा, जुन्या वळणाच्या. त्यांनी आठवडाभर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मग एके दिवशी अळीबाई स्वतःच आली. अंगणातल्या कागदी लिंबाच्या झाडाकडं बघून म्हणाली, "काकू, हे झाड अळ्या खाऊन राह्यल्या. आठ दिवसांत काड्या राहतीन." आणि पदर खोचून तिनं बोटांनी एकेक अळी वेचायला घेतली. या अळ्यांना डिवचलं की त्या डोक्यातून लाल शिंगं बाहेर काढतात आणि घाणेरडा वास सोडतात. काकूंनी नाकाला पदर लावला. ही मात्र झाडात डोकं घालून निवांत वेचत होती.

"अवो, वास नाई येत काय तुमाले?" काकू ओरडल्या.

"नाई येत, काकू. मनून त देवानं मले हे काम देल्लं."

काकू हसल्या. देव मानत नसूनही ही बाई देवाचं नाव फक्त त्यांच्या समाधानासाठी घेते आहे, हे त्यांना कळलं असावं. संध्याकाळी तिची ट्रंक माझ्या खोलीत आली. पहिले काही महिने काकूंची पाण्याची घागर आमच्यापासून वेगळीच होती, हे मी लपवणार नाही. अळीबाईनंही ते कधी न दिसल्यासारखं केलं नाही. एकदा तिनं सरळ विचारलं, "काकू, तुमी ठरवलं हाये, का सगळे करतात मनून करून राह्यल्या?" काकू घागर उचलून आत गेल्या. पण त्या उन्हाळ्यात कधीतरी घागर एकच झाली.

तिच्या प्रयोगाची मांडणी कुणालाही समजेल अशी होती. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, एरंडीची पानं खाणारी अळी ती पाळायची. पान खाताना अळीच्या शेजारी बडीशेपेची पुरचुंडी ठेवायची. असं काही दिवस चाललं की अळीला उपाशी ठेवायचं आणि एका मोठ्या काचेच्या थाळीत मधोमध सोडायचं. थाळीच्या एका टोकाला बडीशेप, दुसऱ्या टोकाला विलायची. पान कुठंच नाही. अळीनं जर शिकलं असेल की बडीशेपेजवळ खायला मिळतं, तर ती तिकडं जायला हवी. बस्स, एवढंच.

पण ते बघणं म्हणजे सोहळा असे. अळी थाळीच्या मध्यावर थांबायची. पुढचं अर्धं अंग उचलून डोकं डावीकडं न्यायची, उजवीकडं न्यायची, पुन्हा डावीकडं. माझा जीव वरखाली व्हायचा. मी थाळीला जरा धक्का द्यायला बोट पुढं केलं की अळीबाई माझा हात धरायची. "थांब व. ठरवून राह्यली ते." तिच्या आवाजात तेव्हा जी अदब असायची ती मी प्राचार्यांशी बोलतानाही कधी ऐकली नाही.

हेच वाक्य ती वर्गातही वापरायची. एखादा मुलगा उत्तर देताना अडला आणि बाकीचे कुजबुजायला लागले की ती बोट उचलायची, "थांबा रे. ठरवून राह्यला तो." आणि खरोखरच थांबायची. त्या शांततेत कितीतरी अबोल मुलं बोलती झालेली मी पाहिली आहेत. एकदा प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. मेडशीची एक लाजरी मुलगी त्यांच्या प्रश्नाला गप्प उभी राहिली. परीक्षक म्हणाले, "येत नाही ना? चला, पुढचा." अळीबाई भिंतीपाशी उभी होती. तिला बोलायचा हक्क नव्हता. तरी ती म्हणाली, "सर, जरा दम धरा. ठरवून राह्यली ते." परीक्षक चमकले, घड्याळाकडं बघत बसले. मुलीनं ओठ ओले केले आणि बेडकाच्या हृदयाचे कप्पे अगदी बरोबर सांगितले. आणि मग, न विचारता, त्यातून रक्त कसं फिरतं तेही सांगितलं.

तिच्या संशोधनाला नागपूरचे एक मोठे प्राध्यापक मार्गदर्शक होते. आम्ही त्यांना नागपूरचे सर म्हणायचो. त्यांना या कामाचं कौतुक होतं, कारण निकाल फार सुरेख येत होते. शिकवलेल्या अळ्या सगळ्याच्या सगळ्या बडीशेपेकडं जात. सुरुवातीला, थाळी नवी असताना, तिनं काही न शिकवलेल्या अळ्याही सोडून पाहिल्या होत्या. त्या वाट्टेल तिकडं भटकल्या होत्या. म्हणजे फरक स्वच्छ दिसत होता. सरांनी नागपुरात जाणत्या लोकांची एक सभा ठरवली. तिथं अळीबाईनं आपलं काम वाचून दाखवायचं. ते पार पडलं की प्रबंधाचा मार्ग मोकळा, आणि प्रबंध झाला की कॉलेजातली तिची तात्पुरती नोकरी कायम होणार, असं संस्थेनं जवळजवळ कबूलच केलं होतं. किन्हीराजाला तिच्या बाबांच्या कानावर हे गेलं होतं. ते कापसाच्या गाडीवर बसून मुद्दाम आले आणि लेकीसाठी जवारीच्या लाह्या देऊन गेले.

सभा जवळ आली होती. दुपारची वेळ. आम्ही दोघी प्रयोगशाळेत होतो. शेतातून नुकतीच आणलेली एरंडीची पानं टेबलावर पडली होती. त्यातली एक अळी पानावरून सुटून थाळीत पडली. रानातली, कोरी अळी. बडीशेप तिनं जन्मात पाहिली नव्हती. ती थाळीच्या मध्यावर थांबली नाही, डोकं हलवलं नाही. सरळ चालत बडीशेपेच्या पुरचुंडीपाशी गेली.

"बघ, हिला पण आवडली," मी हसून म्हटलं.

अळीबाई हसली नाही. तिनं पानावरची दुसरी कोरी अळी उचलून थाळीत ठेवली. तीही गेली. तिसरी गेली. मग तिनं कपाटातून न वापरलेली दुसरी थाळी काढली आणि तशाच दोन पुरचुंड्या ठेवून त्याच अळ्या तिच्यात सोडल्या. तिथं एक विलायचीकडं गेली, एक काठावर फिरत राहिली, एक जागेवरच मुटकुळं करून बसली.

तिनं जुनी थाळी खिडकीशी नेऊन उजेडात तिरपी धरली. काचेवर, मध्यापासून बडीशेपेच्या टोकापर्यंत, कोळ्याच्या जाळ्याहून बारीक अशा धाग्यांचा एक पट्टा चमकत होता. चालताना अळी तोंडातून तंतू सोडते. तिच्या मागून येणारी दुसरी त्यावर पाय ठेवून, त्याचा माग काढत जाते. दोन अळ्यांच्या मध्ये आम्ही थाळी ओल्या फडक्यानं पुसत होतो, पण ते पुसणं पुरेसं नव्हतं. मी थाळीला नाक लावलं. मला काहीच कळलं नाही. माणसाच्या नाकाला कळण्यातला तो माग नव्हताच.

"पयल्या दोन-चार शिकल्या असतीन, नाईतर उगाच गेल्या असतीन," ती हळूच म्हणाली. "बाकीच्या नुसत्या त्यायच्या मागं गेल्या. मागं जाणं म्हंजे शिकणं नव्हे, मराठी." मग स्टुलावर बसून तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढ्या वर्षांचं काम होतं ते. मी पाठीवर हात ठेवला. तिनं तो काढला नाही, पण ती रडलीही नाही.

नागपूरला आम्ही दोघी गेलो. सकाळी सरांच्या घरी जाऊन तिनं सगळं सांगितलं. सर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. वाईट माणूस नव्हता तो. उलट समजूत घालण्याच्या स्वरात म्हणाले, "हे बघ, आज वाचून टाक. मग परत जाऊन नीट कर. निकाल बहुधा तोच येईल. मधल्या काळात कुणाला काय कळणार आहे?"

"मले कळलं ना, सर," ती म्हणाली.

"तुझी नोकरी आहे यावर. माझं नावही आहे."

"मनून त सकाळीच सांगाले आली."

त्यांना वाटलं, ही ऐकेल. सभेत तीस-चाळीस माणसं असतील, बहुतेक कोटवाली. अळीबाई पांढऱ्या पातळात उभी राहिली. तिनं प्रयोग सांगितला, निकाल सांगितले. माना डोलत होत्या. मग तिनं पिशवीतून ती थाळी काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. स्वच्छ पुस्तकी मराठीत, आणि मग इंग्रजीतही, ती म्हणाली, "आत्तापर्यंत मी जे सांगितलं ते मला आता खरं वाटत नाही. का वाटत नाही, ते या काचेवर आहे. ज्यांना बघायचं असेल त्यांनी जवळ यावं." मागून कुणीतरी हसलं. सर उठले आणि बाहेर निघून गेले. मग पुढच्या रांगेतल्या एक वयस्क बाई, रेशमाच्या किड्यांवर काम करणाऱ्या, दक्षिणेतून आलेल्या, चष्मा पुसत पुढं आल्या आणि त्यांनी ती थाळी हातात घेऊन बराच वेळ पाहिली.

बाहेर पडल्यावर मला वाटलं, हिला आता सावरावं लागेल. समोर भज्यांचा ठेला होता. ती सरळ तिकडं गेली. एक प्लेट खाल्ली, दुसरी मागवली. चव तिला तिखट-मिठापलीकडं फारशी कळत नसे, तरी मन लावून खात होती. मी न राहवून म्हटलं, "अगं, सगळं गेलं आणि तू खातेस काय?"

"भूक लागली व," ती म्हणाली. "आठ दिवस झाले, घास उतरून नाई राह्यला होता. आत्ता उतरला." आणि तिसऱ्या प्लेटीकडं बोट दाखवून म्हणाली, "तूबी खा. बम कुरकुरीत हायेत."

सरांनी पुढं तिचं मार्गदर्शन सोडलं. संस्थेनं नोकरी कायम केली नाही, तात्पुरतीच पुढं ढकलत राहिली. बाबांना सांगायला ती किन्हीराजाला गेली तेव्हा मी सोबत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. गोठ्यातल्या बैलापुढं कडबा टाकत म्हणाले, "छप्पनले गावातले लोक मले म्हनत, सगळे जाऊन राह्यले मनून तू चालला. मी म्हनो, नाई बा, मी दोन वर्सं इचार केला. मांगं मांगं गेलो असतो त घरी वापस आलो असतो." मग लेकीकडं वळून म्हणाले, "आता पुन्ना करशीन का नाई?"

"करीन, बाबा."

"मंग झालं त."

पुन्हा करायचं म्हणजे प्रत्येक अळीला कोरी थाळी हवी. एवढ्या काचा आणायच्या कुठून? ती दोन दिवस घरात फेऱ्या मारत होती. मग कुंभाराकडं गेली आणि मातीचे परळ सांगून आली. परळ म्हणजे पसरट मातीची बशी, माठावर झाकायला असते तशी. एक परळ, एक अळी, आणि मग तो परळ पुन्हा वापरायचा नाही. कुंभार म्हणाला, "बाई, लग्न हाये काय घरी?" ती म्हणाली, "हाये. लय वऱ्हाडी येऊन राह्यले."

या खेपेला तिनं आणखी एक गोष्ट केली. निम्म्या अळ्यांना बडीशेपेजवळ खाऊ घातलं, निम्म्यांना विलायचीजवळ. कुठली अळी कशावर शिकलेली हे तिला स्वतःला कळायला नको होतं आणि मलाही नको होतं, कारण मनात असलं की डोळ्यांना तेच दिसतं. मग ते माहीत असणारा तिसरा माणूस कोण? काकू. अळीकडं बघूनही ज्यांच्या अंगावर काटा यायचा त्या काकू पाटावर बसल्या, आणि आपल्या जुन्या लुगड्याच्या धुवट कापडाच्या त्यांनीच शिवलेल्या पुरचुंड्या परळाच्या दोन कडांना ठेवून, चिमट्यानं एकेक अळी परळात सोडू लागल्या. बडीशेपेची असेल तर परळाच्या बुडाला कोळशाची रेघ ओढायची, विलायचीची असेल तर बूड कोरं. परळ माझ्याकडं यायचा. अळी कुठल्या पुरचुंडीकडं गेली ते मी बघायचे आणि त्याप्रमाणं परळ अंगणात डाव्या किंवा उजव्या ओळीत लावायचे. अळीबाई स्वतः लांब, पायरीवर बसायची. तिनं स्वतःलाच बंदी घातली होती.

"काकू, कसं वाटून राह्यलं?" ती मधूनच विचारायची.

"मले नको इचारू. मी सांगाची नाई," काकू गंभीरपणे म्हणायच्या.

हिवाळ्यातले ते दिवस. सगळे परळ झाले तेव्हा अंगणात तुळशीपासून विहिरीपर्यंत दोन लांबच लांब ओळी लागल्या होत्या. डावी बडीशेपेकडं गेलेल्यांची, उजवी विलायचीकडं गेलेल्यांची. दोन्ही ओळींतले परळ आता उलटे करायचे होते. अळ्या नुसत्याच भटकल्या असतील तर कोळशाच्या रेघा दोन्हीकडं सारख्या दिसणार होत्या. म्हणजे पुन्हा सगळं मातीत.

"तू कर," ती मला म्हणाली.

मी डाव्या ओळीपासून सुरुवात केली. पहिला परळ उलटा केला, रेघ. दुसरा, रेघ. तिसरा कोरा. चौथा रेघ, पाचवा रेघ. पुढं एक कोरा, मग रेघांमागून रेघा. काकू माझ्या मागं मागं चालत होत्या आणि प्रत्येक रेघेला "हे पाहा" म्हणत होत्या. डाव्या ओळीत काळ्या रेघा स्पष्ट जास्त होत्या. उजव्या ओळीत कोरी बुडं जास्त. सगळी नाहीत. अधूनमधून चुकलेली, हट्टी, भलतीकडं गेलेली अळी होतीच. पण फरक असा होता की काकूंनाही तो विहिरीपाशी उभं राहून दिसत होता.

अळीबाई पायरीवरून उठली. दोन ओळींच्या मधून हळूहळू चालत गेली आणि चालत परत आली. मला वाटलं, चुकलेल्या अळ्यांनी ती हिरमुसली.

"सगळ्या नाही गेल्या," मी म्हटलं.

"बऱ्याच गेल्या," ती म्हणाली. "मागच्या बारीले सगळ्याच्या सगळ्या जात होत्या, तवाच मले धाक पडाले पाह्यजे होता. खरं असंच राह्यते, मराठी. बऱ्याच." आणि मग, नागपुरात न रडलेली ती बाई, परळांच्या मध्ये मटकन खाली बसून रडली. काकू तिच्याशेजारी बसल्या आणि आपल्या पदरानं तिचं तोंड पुसू लागल्या.

ते काम छापून आलं, एका लहानशा नियतकालिकात, आतल्या पानात. मार्गदर्शकाच्या नावाची जागा रिकामी. शेवटी आभार मानले होते, त्यात काकूंचं नाव होतं आणि माझंही. काकूंनी तो अंक कुणी आलं की दाखवायला म्हणून कोनाड्यात ठेवला होता. नागपूरच्या सभेत थाळी हातात घेऊन पाहणाऱ्या त्या वयस्क बाईंनी तो लेख वाचला. दक्षिणेतल्या त्यांच्या संस्थेत एक जागा होती. त्यांनी अळीबाईला बोलावून घेतलं.

ती निघाली तेव्हा दशक संपत आलं होतं. दक्षिणेकडं, काचीगुड्याला जाणाऱ्या लहान रुळांच्या गाडीला वाशीम स्टेशनवर आम्ही तिला पोचवायला गेलो. काकू होत्या, कॉलेजातली मुलं होती, गणित आणि इतिहास होते. बाबा किन्हीराजाजवळच्या जऊळका स्टेशनाहून त्याच गाडीनं बसून आले होते, वाशीमपर्यंतच, म्हणजे लेकीचा डबा आणि जागा आधीच धरून ठेवता यावी म्हणून. खाली उतरून त्यांनी तिची ट्रंक आत चढवली. मग खिडकीपाशी उभे राहून, काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारावं तसं, म्हणाले, "बाई, अळीले याद राह्यते हे त समजलं. आता तथी जाऊन काय करशीन?"

ती खिडकीच्या गजांना धरून बसली होती. म्हणाली, "आता ते इसरते कवा, हे पाहाचं हाये, बाबा."

गाडी हलली. मुलांनी आरडाओरडा केला. तिनं हात हलवला नाही. मान बाहेर काढून ती आमच्याकडं नुसती बघत राहिली, वळण येईपर्यंत.

पुढं पत्रं येत राहिली, मी एकदा जाऊनही आले. तुतीच्या बागेत, डोक्याला रुमाल बांधून, तिथल्या मुलींना ती मोडक्यातोडक्या कानडीत काहीतरी समजावून सांगत होती आणि त्या पोट धरून हसत होत्या. साठी गाठण्याआधीच ती गेली. तिच्या भावाचा निरोप आला तेव्हा अंत्यविधी उरकले होते. आजारपण थोडक्याच दिवसांचं होतं म्हणे, आणि शेवटपर्यंत शुद्धीवर होती.

माणसाच्या मनातून माणूस किती दिवसांनी पुसला जातो, कुठून पुसला जायला लागतो, हे तिला विचारायला हवं होतं. विसरण्याचा तो अभ्यास तिनं पुरा केला की नाही, मला ठाऊक नाही. माझा तर अजून सुरूही झालेला नाही.